बॉडी आधी की लेन्स आधी? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या महिन्यात आलेल्या पत्रांत कॅमेरा बदलण्याबद्दलचेच प्रश्न जास्त होते, हिवाळा तोंडावर आला की दरवर्षी असंच होतं. भुसावळच्या वाचकाने नुसता प्रश्न न विचारता फोटोपण पाठवले म्हणून त्याला जागा जास्त दिलीये, बाकीच्यांनी समजून घ्यावं.

प्रश्न : राम राम भाऊ. मी रेल्वेत आहे, ड्युटी सांभाळून फोटोचा नाद करतो. २०१७ ला कॅनन १३००डी घेतला होता, दोन लेन्स सोबत आल्या होत्या, १८-५५ आणि ५५-२५०. हिवाळ्यात सुट्टी असली की हतनूर धरणाच्या बॅकवॉटरला पक्ष्यांसाठी जातो. पक्षी दिसतात भरपूर पण फोटोत ते एवढुसे येतात आणि क्रॉप केलं की फुटतात, शार्पपण नसतात. सोबतची पोरं म्हणतात भो आता मिररलेस घे, म्हणजे आत आरसा नसलेला नव्या पद्धतीचा कॅमेरा, याच्यात काही दम राहिला नाही. एक लाख जमवलेत. दुकानदार कॅननचा मिररलेस आर१० किट लेन्ससोबत (कॅमेऱ्याबरोबर येणारी साधी लेन्स) देतोय, पण त्याला बसणारी लांबची आरएफ १००-४०० लेन्स सोबत घ्यायची तर बजेटच्या बाहेर जातं. घरी सांगून ठेवलंय की पुढची पाच वर्षं यासाठी पैसे मागणार नाही. १२ फोटो पाठवतोय, बघून सांगा. आणि तळोद्याकडे रानपिंगळा, ते दुर्मिळ छोटं घुबड, बघायला जायचंय, त्याला कोणती लेन्स लागेल तेही सांगा. – एक वाचक, भुसावळ

उत्तर : भाऊ, तुम्ही फोटो ओरिजनल फाइल म्हणून पाठवले हे फार बरं केलं, व्हॉट्सअ‍ॅपवरून आले असते तर मला काहीच सांगता आलं नसतं. ओरिजनल फाइलच्या पोटात सगळं लिहिलेलं असतं, किती एमएमला काढला (आकडा जेवढा मोठा तेवढं लांबचं जवळ येतं), शटर किती होतं, म्हणजे किती वेळ उघडं राहिलं, आयएसओ, म्हणजे उजेडाला संवेदनशीलता, किती, किती वाजता. तुमच्या १२ पैकी १० फोटो २५० एमएमचे आहेत, म्हणजे लेन्स जिथपर्यंत जाते तिथपर्यंत ताणलेली. आणि त्या दहाच्या दहा फोटोंत शटर १/२०० ते १/३२० सेकंदाच्या मधे आहे, आयएसओ १०० नाहीतर २००. इथेच निम्मं उत्तर आहे.

फेब्रुवारीतला तो चक्रवाकांच्या जोडीचा फोटो मी पूर्ण मोठा करून बघितला. नराच्या गळ्यात बारीक काळी रेघ असते ना, ती तुमच्या फोटोत दोनदा दिसते, एकीच्या शेजारी दुसरी, जराशी सरकलेली. फोकस चुकला असता तर ती रेघ पसरट आणि धुरकट झाली असती. सरकलेली दिसते म्हणजे शटर उघडं असताना पक्षी तरी हलला किंवा तुमचा हात तरी. आता नदी सुरयचा उडतानाचा फोटो घ्या, त्यात अंग बऱ्यापैकी ठीक आहे पण पंखांची टोकं पुसून गेलीत, तेच कारण. तिसरा, तो थापट्या बदकांच्या थव्याचा, त्याची वेळ आहे ११ वाजून ४० मिनिटं. त्यात मागच्या काठाची रेघ बघा, ती सरळ नाहीये, तळलेल्या पापडाच्या कडेसारखी वेडीवाकडी झालीये. त्या झळा आहेत. ऊन चढलं की पाण्यावरची आणि चिखलावरची हवा हलायला लागते आणि लांबचं सगळं थरथरतं, मग पाच लाखाची लेन्स लावली तरी तो फोटो शार्प येणार नाही. हिवाळ्यातपण नऊ-साडेनऊनंतर लांबचा पक्षी काढू नका, तोवर जे मिळेल ते खरं.

म्हणून पैसे खर्च करायच्या आधी एवढं करा. डायल टीव्ही (Tv) वर आणा, म्हणजे शटर आपण ठरवायचं तो मोड, शटर १/१६०० ठेवा, आयएसओ ऑटोवर टाका, फोकस एआय सर्वो (हलणाऱ्या पक्ष्यामागे फोकस चालू ठेवणारा) आणि फक्त मधला पॉइंट, कारण १३००डी मधे नऊ पॉइंट असले तरी क्रॉस टाइपचा, म्हणजे आडव्या-उभ्या दोन्ही रेघा पकडणारा, तो मधला एकच आहे, भरवशाचा तोच. पक्षी बसलेला असेल तर १/५०० चालेल, त्याच्या खाली मात्र उतरू नका, सेन्सर म्हणजे आतली उजेड टिपणारी पट्टी, ती तुमच्या कॅमेऱ्यात लहान आहे, म्हणून २५० एमएमला १.६ चा गुणाकार धरला तर नुसता हात स्थिर राहायलाच १/४०० लागतं. लेन्समधलं आयएस (स्थिर ठेवणारी यंत्रणा) हाताचं हलणं सांभाळतं, पक्ष्याचं हलणं नाही. आयएसओ १६०० वर दाणे येतील, येऊ द्या. दाणे नंतर बरेच कमी करता येतात, हललेला फोटो कुठल्याच सॉफ्टवेअरने पूर्ण सरळ होत नाही.

आता पैशाचं. तुमची दुसरी तक्रार पक्षी लहान येतो ही आहे, आणि ती खरी आहे, सेटिंग बदलून ती जाणार नाही. इथे जरा हिशोब करू. १३००डी १८ मेगापिक्सलचा, आर१० २४ चा. वाटतं केवढा फरक, पण तीच ५५-२५० लावून, तिथेच बसून, त्याच पक्ष्याचा फोटो काढला तर पक्षी लांबीने फक्त १६ टक्के जास्त पिक्सलमधे येणार. आणि बॉडी तीच ठेवून २५० च्या जागी ४०० एमएम लावली तर लांबीत १.६ पट, म्हणजे पक्ष्याच्या अंगावर एकूण अडीच पटीपेक्षा जास्त पिक्सल. आणि ५० मीटरवरून ३० मीटरवर आलात तरी जवळपास तेवढंच मिळतं, तेही फुकट. उजाडायच्या आधी जाऊन काठाला एका जागी खाली बसून राहायचं, मळकट कपडे, हालचाल नाही, पक्षी आपणहून जवळ सरकतात. उभं राहून त्यांच्याकडे चालत गेलात तर अख्खा थवा उठतो, आणि थंडीत एवढ्या लांबून आलेल्या पाखरांना उगाच उडवणं बरंही नाही.

सोबतची पोरं चुकीचं बोलतात असं मी म्हणणार नाही. आर१० पक्ष्याचा डोळा शोधून धरून ठेवतो, सेकंदाला १५ फोटो काढतो, तुमचा ३ काढतो. उडणाऱ्या पक्ष्याला हा फार मोठा फरक आहे, मी स्वतः हे वापरून बघितलंय आणि परत मागे जावंसं वाटत नाही. पण किट लेन्ससोबतचा आर१० घेऊन तुम्ही हतनूरला गेलात तर तो चक्रवाकाचा डोळा धरणार कुठून, डोळा चार-पाच पिक्सलचा असल्यावर. तुम्हाला अंतर अडवतंय, म्हणून पैसे आधी अंतरावर लागले पाहिजेत.

मी तुमच्या जागी असतो तर जुन्या ईएफ माउंटची, म्हणजे तुमच्या १३००डी ला बसणारी, सिग्मा १००-४०० बघितली असती, वापरलेली. वजन सव्वा किलोच्या आत आहे, बाईकवर पाठीला लावून जाता येतं. १५०-६०० पण मिळतात सिग्माच्या आणि टॅमरॉनच्या, पण त्या दोन किलोच्या आसपास, मोनोपॉड लागतो, आणि ड्युटीवरून आल्यावर तेवढं ओझं घेऊन निघायचा कंटाळा येतो हे मी बऱ्याच जणांच्या बाबतीत बघितलंय, लेन्स कपाटात पडून राहते. सगळे मिररलेसकडे चाललेत म्हणून ईएफच्या लेन्सा आता वापरलेल्या बऱ्या भावात निघतात, तुमच्या लाखातून घेऊन वर पैसे उरतील. हीच लेन्स या हिवाळ्यात १३००डी वर लावा. पुढे एक-दोन वर्षांनी आर१० किंवा त्याच्या जागी जे काही आलं असेल ते, नुसती बॉडी, किट लेन्स न घेता, आणि सोबत कॅननचा ईएफ ते आरएफ अ‍ॅडॉप्टर. अ‍ॅडॉप्टरमधे काच नसते, ती नुसती रिकामी नळी आणि विजेचे कॉन्टॅक्ट, म्हणून फोटोची क्वालिटी कमी होत नाही आणि फोकसपण नीट चालतो. उलट रस्ता बंद आहे, आरएफची लेन्स १३००डी ला बसतच नाही, म्हणून आज आरएफ १००-४०० घ्यायची म्हटली तर बॉडी सोबत घ्यावीच लागते आणि तिथेच तुमचं बजेट फुटतंय. ती लेन्स ६३५ ग्रॅमची आहे, छान आहे, पैसे असते तर हो म्हणालो असतो.

लेन्स घेताना, वापरलेली तर नक्कीच, घाई करू नका, हे मी पोळून सांगतोय. काही वर्षांपूर्वी मी मोठ्या शहरातल्या एका दुकानातून बाजारापेक्षा बरीच स्वस्त लेन्स आणली, नवी, सीलबंद, बिल म्हणजे नुसता एक छापील कागद. आठ महिन्यांत फोकसची मोटर बसली. सर्व्हिस सेंटरला नेली तर त्यांनी सिरियल नंबर बघून सांगितलं की हा माल भारतात विकायला आलेलाच नाही, वॉरंटी नाही. दुकानदाराने फोन उचलणं बंद केलं. शेवटी बाहेरून दुरुस्त करून घेतली आणि स्वस्तातली लेन्स बाजारभावापेक्षा महाग पडली. म्हणून बिल बघायचं आणि बिलावरचा सिरियल नंबर लेन्सवरच्या नंबराशी स्वतः डोळ्याने जुळवायचा. मग दोन्हीकडची झाकणं काढून मागून मोबाइलचा टॉर्च मारायचा आणि पुढून तिरकं बघायचं. धूळ दिसली तर घाबरू नका, थोडी धूळ प्रत्येक जुन्या लेन्समधे असते. पण कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक पांढरे फाटे फुटलेले दिसले तर ती बुरशी, लेन्स ठेवून उठायचं, कितीही कमी केलं तरी. मग ४०० ला पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरवर (लेन्समधलं उजेड आत येण्याचं छिद्र) समोरच्या विटांच्या भिंतीचा फोटो, चारही कोपरे सारखे दिसतात का बघायचं. जवळून लांब, लांबून जवळ असा फोकस दहा-पंधरा वेळा पळवायचा, मधेच अडखळला तर नको. हे करू न देणाऱ्याकडून घेऊच नका.

रानपिंगळ्याचं. १८८४ नंतर ११३ वर्षं हा पक्षी नामशेष झालाय असंच धरलं जायचं आणि १९९७ च्या नोव्हेंबरात तो आपल्याच शहादा-तळोद्याच्या डोंगरपायथ्याच्या जंगलात परत सापडला, ही आपल्या खान्देशासाठी केवढी मोठी गोष्ट आहे. तुमच्या जवळ म्हणाल तर यावलच्या जंगलातही तो आहे. पिंगळा असला तरी हा दिवसा जागा असतो, सागाच्या उघड्या फांदीवर सकाळी ऊन खात बसतो, म्हणून ४०० एमएम पुरे. पण सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मोबाइलवर आवाज वाजवून त्याला बोलावू नका, कोणी सोबतचा वाजवत असेल तर थांबवा. दुसरा नर आपल्या हद्दीत आला असं समजून तो बिचारा शिकार सोडून, पिल्लं सोडून धावत येतो. वनखात्याची परवानगी आणि तिथला स्थानिक माणूस सोबत असल्याशिवाय आत जाऊ नका.

प्रश्न : मी शिक्षिका आहे, होळीच्या वेळी दरवर्षी काठी गावाला जाते आणि श्रावणात आमच्याकडच्या कानबाई देवीच्या उत्सवाचे फोटो काढते. निकॉन डी३५०० आहे १८-५५ सोबत. रात्रीचे फोटो हललेले येतात किंवा सगळे दाणेदार. दुकानात सांगितलं मोठ्या सेन्सरचा फुल फ्रेम कॅमेरा घ्या, त्याशिवाय रात्रीचं होणार नाही. एवढा खर्च करू का? – एक वाचक, शहादा

उत्तर : नका करू ताई. फुल फ्रेमचा सेन्सर तुमच्या सेन्सरपेक्षा सव्वादोन पट मोठा असतो, म्हणजे उजेड तेवढाच पट जास्त. तुमची किट लेन्स ५५ ला एफ ५.६ पर्यंतच उघडते, एफचा आकडा जेवढा लहान तेवढी लेन्स जास्त उघडते. एफ १.८ ची लेन्स लावली तर त्याच कॅमेऱ्यात साडेनऊ पट उजेड येतो. म्हणजे जिथे आता १/१५ ने काढावं लागतंय आणि सगळं पुसून जातंय तिथे १/१२५ ला काढता येईल, आयएसओ तोच ठेवून. आणि हे फुल फ्रेमच्या खर्चाच्या अगदी थोड्या भागात.

तुम्हाला निकॉनची ३५ एमएम एफ १.८ डीएक्स (तुमच्या सेन्सरसाठी बनवलेली) बरी पडेल. ५० ची पण आहे, पण कानबाईच्या वेळी घरातल्या खोलीत मागे सरकायला जागाच नसते, चौरंगासमोर बायका बसलेल्या, मागे भिंत, तिथे ५० मधे फक्त चेहरे येतील. ३५ मधे कानबाई, तिच्यापुढचे रोट आणि ओवाळणारी बाई एका फोटोत बसतात. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, डी३५०० च्या बॉडीत फोकसची मोटर नाहीये, म्हणून लेन्सच्या नावात एएफ-एस किंवा एएफ-पी असलंच पाहिजे. जुनी ५० एमएम एफ १.८ डी फार स्वस्त मिळते आणि दुकानदार सांगतो ती निकॉनचीच आहे, बसते. बसते, पण फोकस हाताने फिरवावा लागतो, नाचणाऱ्या माणसावर रात्री हाताने फोकस करणं नव्या माणसाला जमणार नाही.

काठीच्या राजवाडी होळीला तर अजून एक सांगतो. होळी पेटते पहाटे, पण ढोल रात्रभर चालू असतो, आणि बहुतेक फोटोवाले पेटायच्या वेळी दमलेले असतात. पेटल्यावर पहिली काही मिनिटं जाळाचा उजेड इतका असतो की एफ १.८ ला आयएसओ ८०० मधेही चांगलं काम होतं, कॅमेरा जाळाला बघून फसतो आणि माणसं काळी करतो म्हणून माप जाळावर नाही, चेहऱ्यावर घ्या, त्यासाठी स्पॉट मीटरिंग आहे. मग आभाळ उजळायला लागतं, निळा उजेड वरून आणि जाळाचा तांबडा खालून, तेव्हा मोरपिसांच्या टोपाचे आणि कंबरेच्या घुंगरांचे फोटो काढा, दिवसभरात तसा उजेड परत मिळत नाही. फ्लॅश मारू नका. त्या लोकांनी नवस केलेला असतो, किती दिवस पाळणूक असते, त्यांच्या तोंडावर फ्लॅश उडवणं मला स्वतःला पटत नाही. ओळख असली तर आधी विचारा आणि पुढच्या वर्षी जाताना प्रिंट घेऊन जा. मी नेतो. ज्यांच्या घरी एकही फोटो भिंतीला नाही अशा घरात तो लागतो.

प्रश्न : आभाळाच्या फोटोत एकाच जागी काळपट डाग येतात, लेन्स पुसली तरी जात नाहीत. कॅमेरा खराब झाला का, बदलू का? – एक वाचक, धुळे

उत्तर : सेन्सरवर धूळ बसलीये, बदलायची काही गरज नाही. लेन्स बदलून बघा, डाग त्याच जागी राहिला तर नक्की धूळ. एफ १६ वर आभाळाचा फोटो काढला की सगळे डाग दिसतात. मेन्यूत सेन्सर क्लीनिंग आहे ते चालवा, नाही गेलं तर आरसा वर करून, कॅमेऱ्याचं तोंड खाली धरून रबरी ब्लोअरने हवा मारा. तोंडाने फुंकू नका, थुंकीचा बारीक थेंब बसला तर तो कामच वाढवतो. तरी नाही गेलं तर माहितगाराकडून करून घ्या. आपल्याकडे उन्हाळ्यात शेतात, रस्त्यावर लेन्स बदलायचीच नाही, गाडीत बसून काचा लावून बदला. आणि मे महिन्यात कॅमेरा गाडीच्या डिक्कीत ठेवून जेवायला जाऊ नका, आपल्याकडे बाहेर ४५ असतं तेव्हा डिक्कीत किती होत असेल. पावसाळ्यात घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल, रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर गरम करून परत टाकायचं. चामड्याच्या बॅगेत बंद करून चार महिने ठेवलेल्या लेन्समधे बुरशी धरते.

प्रश्न : कॉलेजला आहे, फोनवर फोटो काढतो, घरचे कॅमेऱ्याला पैसे द्यायला तयार नाहीत. फोनवर किती पुढे जाता येईल? – एक वाचक, चाळीसगाव

उत्तर : मित्रा, तू राहतोस त्या गावात याचं उत्तर आहे. स्टेशनजवळ केकी मूस यांचं घर आहे, तू कधी आत गेला नसशील तर याच आठवड्यात जा. १९१२ ते १९८९ असं त्यांचं आयुष्य आणि त्यातली जवळपास ५० वर्षं ते त्या घरातच राहिले, बाहेर पडले नाहीत म्हटलं तरी चालेल. टेबलावर छोट्या वस्तू मांडून, त्यावर उजेड पाडून ते अख्खं दृश्य उभं करायचे, टेबलटॉप फोटोग्राफी म्हणतात त्याला, आणि त्या फोटोंना देशाबाहेरची बक्षिसं मिळालीत. त्या फोटोंसमोर उभा राहिलास की प्रत्येकात एकच शोध, उजेड कुठून येतोय. सावली कुठल्या बाजूला पडलीये, तिची कड कडक आहे की मऊ.

मग घरी ये, पूर्वेच्या खिडकीला टेबल लाव. खिडकीवर आईचं जुनं पांढरं सुती लुगडं किंवा धोतर बांध, दुसऱ्या बाजूला थर्माकोलची शीट उभी कर म्हणजे सावली अगदी काळी होणार नाही. दोन वांगी घे, आपली भरताची, हिरवी, पांढऱ्या रेघांची, आणि एक पितळी तांब्या. फोन कशाला तरी टेकवून स्थिर ठेव, झूम करू नको, फोन जवळ ने. स्क्रीनवर बोट दाबून ठेवलं की फोकस लॉक होतो, मग बोट खाली ओढून उजेड थोडा कमी कर, तांब्याच्या चकाकीत पितळ दिसेपर्यंत. सकाळी आठला एक, दहाला एक, चारला एक असे महिनाभर काढ, वस्तू त्याच ठेव, आणि त्यातले दहा मला पाठव. ओरिजनल फाइल पाठव, व्हॉट्सअ‍ॅपवरून नको.